खेड्यांतील वाचनालये व त्यांचा योगक्षेम



सावित्री नदी जेथे सागरास मिळते, त्या मुखाजवळ दक्षिण काशी म्हणून ख्यात असलेले आपले श्रीक्षेत्र हरिहरेश्वर वसले आहे. क्षेत्राच्या माहात्म्याचे वर्णन अधिकारी लेखणीने करावे. आम्ही येथे एका साध्या प्रश्नाचा ऐतिहासिक परामर्श घेऊ इच्छितो. अशा लहानशा गावी वाचनालय निघाले, तर ते जगते कशावर?

ह्याचे पहिले उत्तर सावित्रीच्या पैलतीरीच सापडते. दापोली तालुक्यातील मुरुड गावी, पुढे महर्षी म्हणून विख्यात झालेले धोंडो केशव कर्वे बालपणी दुर्गादेवीच्या देवळात ग्रामस्थांस वृत्तपत्र वाचून दाखवीत. त्यांचे गुरू सोमण मास्तर ह्यांची ती प्रेरणा होती. त्या उपक्रमास ना इमारत होती, ना कपाट. एक वृत्तपत्र, एक वाचणारा व ऐकणारे गावकरी एवढेच त्याचे भांडवल होते.

शहरांची गोष्ट निराळी. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ साली, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले. तेथे वकील, शिक्षक व सरकारी नोकर ह्यांची वर्गणी मिळू शकत असे. खेड्यात असा वर्गणीदार वर्ग अल्प, म्हणून तेथे निराळी योजना हवी होती.

ती योजना बडोद्याच्या श्रीमंत सयाजीराव महाराजांनी घडविली. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नामक ग्रंथालयतज्ज्ञास पाचारण केले. खेड्याने वर्गणीने जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांताच्या पंचायतीने व तेवढीच सरकारने घालावी, असे त्या योजनेचे सूत्र होते. ज्या गावी तेवढेही शक्य नव्हते, तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. ह्या सूत्राचे मर्म असे की, गावाचा वाटा लहान असला तरी तो चुकत नसे, आणि ज्यात आपला पैसा आहे त्या संस्थेवर गावाची नजर राही.

मुंबई इलाख्यात १९३९ साली फैजी ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंतची उतरंड आखली. १९४८ च्या मद्रासच्या कायद्याने ग्रंथालयकर बसविला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ साली झाला, परंतु त्यात असा कर नाही. लोकांनी संस्था चालवावी व शासनाने तीस अनुदान द्यावे, हा मार्ग आपण पत्करला. त्यामुळे गावोगावी वाचनालये निघाली खरी, पण त्यांचा योगक्षेम अनुदानाच्या हप्त्यावर लटकत राहिला.

हिशेबच पाहा. सर्वांत लहान अशा ‘ड’ वर्गाच्या वाचनालयास २०१२ पासून सुमारे दहा वर्षे वार्षिक रु. ३०,००० मिळत, म्हणजे दरमहा अडीच हजार. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली. त्या हिशेबाने महिन्याचे चार हजार होतात. एवढ्यात ग्रंथपालाचे वेतन, वृत्तपत्रे, वीज व नवीन पुस्तके सारे भागवावयाचे. ह्या चौघांत पुस्तके मागे पडतात, कारण बाकीचे तिघे दारात उभे असतात.

त्यात कोकणच्या हवेची भर. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, वाळवी व कसर हे कागदाचे वैरी होत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा घरांची छपरेच उडाली. पोथ्या फडक्यात बांधून त्यांत वेखंड ठेवण्याची पूर्वजांची रीत ह्या हवेचीच शिकवण होती. कपाट भिंतीपासून वीतभर दूर व जमिनीपासून उंच ठेवावे, आणि पावसाळ्यानंतर पुस्तकांस हवा द्यावी. ह्यास पैसा लागत नाही, माणूस लागतो.

आमचे चाकरमानी ज्ञातिबांधव उदार आहेत. कपाटे, पंखे, कोनशिला ह्यांस देणगी सहज मिळते. परंतु वृत्तपत्राच्या बिलावर कोणाचे नाव कोरले जात नाही, म्हणून ते बिल थकते. आमची नम्र सूचना अशी. बडोद्याचे सूत्र ज्ञातिसंस्थेने अंगीकारावे. गावाने वर्षाकाठी जेवढे जमविले, तेवढेच संस्थेने घालावे, व ते दरवर्षी ठरल्या तिथीस पोचवावे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात शंभर पुस्तकांची पेटी वाचकांत फिरते. तशाच पेट्या शेजारच्या दोनचार गावांनी आपसांत फिरवाव्या. एकाच शंभर पुस्तकांत चार गावे वाचतील. घरातील जीर्ण क्रमिक पुस्तके मात्र दान म्हणून पाठवू नयेत, ती केवळ जागा अडवितात.

१९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, महर्षी कर्वे खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी पैपैसा गोळा करीत हिंडले. सावित्रीच्या ऐलतीरी असलेल्या आपण त्यांचा तो नेम उचलावा. पुढील स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी, बारा महिने उघड्या राहिलेल्या वाचनालयांचीही यादी छापली जावो, हीच श्रीहरिहरेश्वरचरणी प्रार्थना.