पेटी आणि ट्रान्झिस्टर : परभणीच्या विरंगुळ्याचे दोन नकाशे

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण परभणीकर अभिमानाने सांगतो की स्वतःची थट्टा म्हणून, याचा निकाल अजून लागलेला नाही. तिची धाकटी बहीण 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' मात्र निःसंशय थट्टेची. दोन्ही म्हणींच्या मुळाशी एकच अस्वस्थता आहे. जगाच्या तुलनेत आपण नेमके कुठे उभे आहोत, हा प्रश्न या जिल्ह्याला फार दिवस छळत आला आहे.

परभणीविषयी लिहिताना लेखणी आपोआप शेतीकडे, दुष्काळाकडे, अनुशेषाकडे वळते. बी. रघुनाथांपासून इंद्रजित भालेराव, आसाराम लोमटे यांच्यापर्यंत या मातीने जे लेखक दिले, त्यांच्याकडे वाचकही बहुधा याच अपेक्षेने पाहतो. कष्टाचा इतिहास लिहिला जातो आणि तो लिहिला जायलाच हवा. परंतु हाच कष्टकरी संध्याकाळी काय करत होता, कोणत्या खेळाला जात होता, कोणाचा धावफलक कानाला लावून बसत होता, याची नोंद ठेवण्याची रीत आपल्याकडे नाही. जणू मागास भागातील माणसाला विरंगुळाच नसतो! आमच्या मते परभणीच्या आत्मप्रतिमेचा धागा याच दुर्लक्षित कोपऱ्यात सापडतो. सिनेमाने या जिल्ह्याला अनेक वर्षे रांगेच्या शेवटी उभे केले. क्रिकेटने मात्र त्याला मुंबई-पुण्याच्या बरोबरीने, त्याच क्षणी, बातमी दिली.

सुरुवात सिनेमापासून करू. परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राजकीय नकाशा असा तीनदा बदलला. चित्रपट-व्यवसायाचा नकाशा मात्र बदलला नाही. हिंदी चित्रपटांच्या वितरणासाठी देशाचे जे विभाग पाडले गेले, त्यांत 'निजाम' हा एक स्वतंत्र विभाग होता; जुन्या संस्थानातील तेलंगण, मराठवाडा आणि कन्नड जिल्हे त्यात मोडत. राज्य गेले, निजाम गेला, पण वितरकाच्या वहीत परभणी निजामाचीच राहिली. मुंबईत तयार झालेल्या चित्रपटाचे हक्क हैदराबाद-सिकंदराबादचा वितरक विकत घेई, आणि त्याच्याकडील मोजक्या प्रती आधी मोठ्या शहरांत फिरून मग आमच्याकडे येत.

ही प्रत म्हणजे 'पेटी'. पत्र्याच्या डब्यांत गुंडाळलेली रिळे, आणि ते डबे ठेवलेली पेटी. ती रेल्वेने येई. मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि नव्वदच्या दशकापर्यंत परभणी याच अरुंद रुळांवर होती. रुंद रुळांची मागणी ही मराठवाड्याच्या विकासाच्या लढ्यातील एक कायमची मागणी. १९७४ मध्ये वसमतच्या गोळीबारानंतर (वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते, हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १९९९ मध्ये) जे आंदोलन भडकले, त्यात नोकऱ्या, सिंचन, शिक्षण यांच्या बरोबरीने रेल्वेही होती. सिनेमाचे नाव कोणत्याही मागणीपत्रात असणे शक्यच नव्हते. परंतु वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेषाची जी मोजदाद केली, तिच्यात विरंगुळ्याचा रकाना असता, तर त्यातही परभणीच्या नावापुढे मोठा आकडा पडला असता, असे आम्हांला वाटते.

उशिराचीही एक उतरंड होती. रेल्वेवर असलेल्या परभणी, सेलू, पूर्णा, गंगाखेड या गावांना पेटी आधी मिळे. जिंतूर आणि पाथरी रुळांपासून दूर, तिथे ती रस्त्याने जाई. त्याच्याही पलीकडच्या खेड्यांना जत्रेतल्या तंबूची वाट पाहावी लागे. परभणीत फेब्रुवारीच्या आरंभी भरणारा सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस असो की एखाद्या गावची खंडोबाची यात्रा, टुरिंग टॉकीजचा तंबू आणि भोंग्यावरची आरोळी हा महाराष्ट्रातील जत्रांचा ओळखीचा भाग होता. तोवर प्रत झिजलेली असे, पडद्यावर पाऊस पडे, गाण्यातील एखादे कडवे तुकडे जोडताना गेलेले असे. प्रेक्षक तक्रार करी, शिट्या मारी आणि तरी शेवटपर्यंत बसे.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. हिंदी चित्रपट परभणीला भाषेमुळे कधीच परका वाटला नाही. संस्थानाचा कारभार उर्दूत चाले, शाळेत उर्दू असे, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणही उर्दूतून. त्यामुळे पडद्यावरचे 'अदालत', 'मुलज़िम', 'दरख़्वास्त' हे शब्द येथील म्हाताऱ्यांनी तहसिलीत ऐकलेले होते. उलट कोल्हापूरच्या स्टुडिओतून येणारा ग्रामीण मराठी चित्रपट, त्यातील पाटलाची बोली आणि उसाचे फड हेच कापूस-ज्वारीच्या या मुलखाला थोडे अनोळखी. दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ने (१९७१) हा दुरावा पुसला, कारण हसण्याला बोलीची अडचण होत नाही.

आता क्रिकेट. खेळाडूंच्या इतिहासात परभणीला फारसे स्थान नाही; शेजारच्या औरंगाबादचा इक्बाल सिद्दिकी २००१ मध्ये मोहालीला एक कसोटी खेळला, एवढ्यावरही मराठवाड्याने पुष्कळ काळ समाधान मानले. प्रेक्षक म्हणून मात्र परभणीची कुंडली मोठी विलक्षण. नोव्हेंबर १९५५ मध्ये हैदराबादच्या फतेह मैदानावर भारत-न्यूझीलंड कसोटी झाली. पॉली उम्रीगर यांनी २२३ धावा केल्या. कसोटीतील ते भारताचे पहिले द्विशतक. त्या दिवशी परभणी हैदराबाद राज्यातच होती, म्हणजे हा पराक्रम परभणीकरांच्या स्वतःच्या राजधानीत घडला! वर्षभराने राजधानी बदलली. क्रिकेटच्या कारभारात मराठवाडा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे, म्हणजे पुण्याकडे गेला. सिनेमा हैदराबादचा, क्रिकेट पुण्याचे, अशी आमच्या करमणुकीची फाळणी झाली.

मन मात्र दोन्हीकडे राहिले. ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलवर भारताने इंग्लंडमधील पहिला कसोटी विजय मिळवला. कर्णधार मुंबईचे अजित वाडेकर, विजयी चौकार मारणारे हैदराबादचे आबिद अली. मुंबई आणि हैदराबाद यांच्या मधोमध, दोघांच्याही परिघावर असलेल्या जिल्ह्याला याहून सोयीचा विजय कोणता? पुढे १९८४-८५ च्या हंगामात मोहम्मद अझरुद्दीनने पहिल्या तीन कसोटींत तीन शतके केली, तेव्हाही परभणीत जुने नाते जागे झाले. राज्य बदलले म्हणून 'आपला' म्हणण्याचा हक्क जात नाही.

हे सारे पोहोचले ते रेडिओने. निजामाच्या काळात 'दक्कन रेडिओ' होता, १९५० मध्ये तो आकाशवाणीत विलीन झाला. आणि साठच्या दशकाच्या अखेरीस खुद्द परभणीत आकाशवाणीचे केंद्र आले. मराठवाड्यातील दुसऱ्या कोणत्याही शहराआधी परभणीला काही मिळाल्याची उदाहरणे थोडी, त्यांतले हे एक. त्याच सुमारास ट्रान्झिस्टर स्वस्त होऊ लागला. पानटपरी, न्हाव्याचे दुकान, आडतीची ओसरी, कृषी विद्यापीठाचे वसतिगृह, सगळीकडे एकच खरखर. बाळ ज. पंडितांनी मराठीतून धावते समालोचन करून दाखवले आणि इंग्रजी न येणाऱ्या श्रोत्याला मैदानाचे दार उघडले. हिंदीतून सुशील दोशी, जसदेव सिंग होते. ऑस्ट्रेलियाचा दौरा असला की पहाटे शॉर्टवेव्हवर काटा फिरवणारी माणसे प्रत्येक गल्लीत असत.

महत्त्वाचे ते हे : विकेट पडली की ती चर्चगेटला आणि पाथरीला एकाच श्वासात पडे. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला आणि आमच्याकडे यथावकाश आला; मुंबईहून आलेल्या पाहुण्याने त्याची कथा आधीच सांगून टाकलेली असे. पण तोच पाहुणा कसोटीचा धावफलक परभणीकराला सांगू शकत नव्हता. तो दोघांनाही सारखाच ठाऊक, आणि पुढच्या चेंडूवर काय होणार हे दोघांनाही सारखेच अज्ञात. १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ भारतात होता. खडी फोडण्याच्या कामांची चर्चा आणि चंद्रशेखरच्या बळींची चर्चा एकाच ओसरीवर होई. यात बेपर्वाई शोधणाऱ्यांना आम्ही एवढेच म्हणू की ज्याला सर्वच गोष्टी उशिरा मिळतात, त्याला वेळेवर मिळणाऱ्या एका गोष्टीची किंमत अधिक असते.

मात्र ही समता पुरुषांपुरती होती, हे दडवून चालणार नाही. पानटपरी, चौक, ओसरी या जागा बायकांच्या नव्हत्या. त्यांच्यासाठी बाहेर पडण्याचे मान्य निमित्त एकतर देऊळ, नाहीतर टॉकीज. चित्रपटगृहात बायकांची बसण्याची बाजू वेगळी असे, आणि शेजारणींबरोबर दुपारच्या खेळाला जाण्यास घरातून फारसा विरोध होत नसे. 'जय संतोषी माँ' (१९७५) आणि पुढे 'माहेरची साडी' (१९९१) यांचे यश महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या गर्दीवर उभे राहिले. समीक्षकांनी 'माहेरची साडी'ची यथेच्छ टिंगल केली. ती रडारड आम्हांलाही कलाकृती म्हणून पेलत नाही. परंतु तीन तास उजळ माथ्याने घराबाहेर बसता येणे ही त्या तिकिटाची खरी किंमत होती, आणि ती कोणत्याही परीक्षणात मोजली गेली नाही.

दूरदर्शनने ही वाटणी ढवळून काढली. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर भारताने १८३ धावांचा बचाव करून वेस्ट इंडीजला १४० वर गुंडाळले, तेव्हा जिल्ह्यातील बहुतेकांनी तो विजय ऐकला. छोट्या प्रक्षेपकांची साखळी देशभर उभी राहू लागली ती पुढच्या वर्षी. त्यानंतर क्रिकेट चौकातून घरात आले आणि येताना घरातील एकुलत्या एका पडद्यावर बसले. शारजाचे महत्त्वाचे सामने शुक्रवारी असत, कारण तेथील सुटीचा वार तो. आणि शुक्रवार हाच आपल्याकडे नव्या चित्रपटाचा. १८ एप्रिल १९८६ चा शुक्रवार आठवावा : चेतन शर्माचा शेवटचा चेंडू आणि जावेद मियाँदादचा षटकार. त्या षटकाराची एक दुखरी बाजू परभणीसारख्या संमिश्र वस्तीच्या गावाला अधिक जाणवली. भारत-पाकिस्तान सामना हा हळूहळू शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरील भाव तपासण्याचा प्रसंग बनला. टॉकीजच्या अंधारात असा तपास कधी होत नव्हता. हिंदी चित्रपटाचे नाव पडद्यावर तीन लिप्यांत येई, आणि ज्याला जी वाचता येई ती तो वाची.

पुढील घडामोडी भराभर झाल्या. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला, दूरदर्शनची मक्तेदारी संपली, केबलवाल्याची तार गच्चीगच्चीवरून गेली. प्रक्षेपण खाजगी वाहिन्यांकडे गेल्यावर केबल नसलेल्या खेड्यांचे काय, हा प्रश्न उरला; २००७ च्या कायद्याने महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शनला देणे बंधनकारक केले, तो त्याचा तोडगा. पण विजेचे काय? त्या वर्षांत मराठवाड्याच्या खेड्यांतील भारनियमन दिवसाचा मोठा भाग खाई. तेव्हा कोणी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर छोटा टीव्ही चालवी, कोणी माळ्यावरचा ट्रान्झिस्टर पुन्हा खाली काढी.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट घडली. २००५ नंतर चित्रपट उपग्रहाद्वारे थेट चित्रपटगृहात पोहोचू लागले. पेटीची गरज संपली. मुंबईत शुक्रवारी लागणारा चित्रपट त्याच शुक्रवारी तालुक्याच्या गावीही लागू शकतो, ही सोय परभणीला शंभर वर्षांत प्रथमच मिळाली; पण तोपर्यंत एकपडदा चित्रपटगृहे जागोजाग बंद पडू लागली होती. काहींची मंगल कार्यालये झाली, काहींची दुकाने. २०१६ मध्ये 'सैराट' आला, तेव्हा ओस पडलेल्या थिएटरांना पुन्हा रांगा लागल्या, आणि त्या रांगांत बायका-मुली लक्षणीय होत्या. तो चित्रपट उतरल्यावर रांगाही उतरल्या.

क्रिकेटने एव्हाना टॉकीजचीही वाट चोखाळून पाहिली होती. २०१० च्या आयपीएलचे सामने देशातील काही चित्रपटगृहांत तिकीट लावून दाखवले गेले. ती कल्पना फार टिकली नाही. तोच सामना घरी फुकट दिसत असताना तिकीट कोण काढणार? आता तर दोन्ही गोष्टी हातातल्या एकाच फोनवर आहेत. परभणी स्थानकाच्या फलाटावर रात्रीच्या गाडीची वाट पाहणारा मुलगा एका बोटाने सामन्यावरून चित्रपटावर आणि चित्रपटावरून सामन्यावर जातो, त्याला हैदराबादही लागत नाही आणि पुणेही. व्यवसायाच्या वहीत मात्र जुनी ओळ कायम आहे. हिंदी चित्रपटाच्या गल्ल्याचे विभागवार आकडे लागतात, तेव्हा परभणीत विकलेली तिकिटे आजही 'निजाम' या नावाखाली मोजली जातात.