अग्निबाणाची साक्ष

अग्निबाण घडविणाऱ्याच्या वाट्याला एक विलक्षण वियोग येतो. गाडीचा कारागीर आपली गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासू शकतो. नावाड्याची नाव संध्याकाळी किनाऱ्याला लागते. अग्निबाण मात्र दोन-तीन मिनिटांत दृष्टीआड होतो आणि त्याचे एकेक अंग समुद्रात पडते. आकाशात त्याचे काय झाले, याची साक्ष द्यावयाची कोणी? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता माणसाने अग्निबाणालाच डोळा दिला. त्या डोळ्याचा इतिहास हा माणसाच्या पाहण्याचा, आणि पाहूनही न मानण्याचा, इतिहास आहे.

बंगळूरच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाची वस्ती आहे. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराज वाडियार यांनी अँग्लो-इंडियन समाजाला दिलेल्या जमिनीवर ती उभी राहिली, आणि त्या समाजाचे पुढारी व्हाइट यांचे नाव तिला मिळाले. शेती करणाऱ्या कुटुंबांचे ते शांत खेडे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून संगणक-व्यवसायाचे गजबजलेले उपनगर झाले. तेथील एखाद्या घरात आज शाळकरी मुले पडद्यावर जे दृश्य सहज पाहतात, ते पूर्वीच्या कोणत्याही बाणदाराला दिसले नव्हते. अग्निबाणाच्या अंगावर बसविलेला कॅमेरा खाली रोखलेला असतो. किनारा आक्रसत जातो, आकाश निळ्याचे काळे होते. मग बगलेला बांधलेले बूस्टर, म्हणजे आरंभीचा जोर देणारे पूरक अग्निबाण, आपले काम संपवून अलगद बाजूला होतात आणि गिरक्या घेत मागे पडतात.

याच म्हैसूरच्या मुलखात अठराव्या शतकात हैदर आणि टिपू यांच्या सैन्याने लोखंडी नळीचे दारूचे बाण वापरले. मराठ्यांनाही युद्धातले दारूचे बाण परिचित होते. म्हैसूरच्या बाणांची लोखंडी नळी दारूचा अधिक दाब सोसत असे, म्हणून त्यांचा पल्ला मोठा होता. १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांच्या तुकडीची वाताहत झाली. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेतील भिंतीवर त्या लढाईचे चित्र अद्याप पाहावयास मिळते. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यानंतर असे बाण इंग्लंडला गेले आणि विल्यम काँग्रीव्हने पुढे आपले बाण बनविले. परंतु म्हैसूरचा बाणदार असो की काँग्रीव्ह, बाण सुटल्यावर दोघांनाही दिसे ती केवळ धुराची रेघ.

ही मर्यादा १९४६ साली ओलांडली गेली. २४ ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून, जर्मनांकडून हस्तगत केलेला व्ही-२ अग्निबाण सोडण्यात आला. त्यात ३५ मिलिमीटर फितीचा कॅमेरा होता आणि तो दर दीड सेकंदाला एक छायाचित्र घेत होता. अग्निबाण सुमारे १०५ किलोमीटर उंच जाऊन जमिनीवर आदळला. कॅमेऱ्याचा चुराडा झाला. पोलादी डबीतील फीत तेवढी वाचली. तिच्यावर काळे आकाश आणि पृथ्वीची वाकलेली कड उमटली होती. १९६७ आणि १९६८ मध्ये सॅटर्न-५ च्या मानवरहित उड्डाणांत कॅमेरे कुपीत बसवून समुद्रात सोडले गेले, आणि अग्निबाणाचे टप्पे एकमेकांपासून कसे सुटतात ते पाहता आले.

तथापि पाहण्याची खरी किंमत कळली ती दोन अपघातांनी. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' यान उडाले. उजव्या बूस्टरच्या खालच्या सांध्यातून उड्डाणानंतर पहिल्याच सेकंदात काळ्या धुराचे लोट निघाले. जमिनीवरच्या कॅमेऱ्यांनी ते टिपले. पण त्या फिती धुऊन पाहिल्या गेल्या तेव्हा यान नष्ट झालेले होते. ७३ व्या सेकंदाला त्याचे तुकडे झाले आणि सात अंतराळवीर मृत्यू पावले. कडाक्याच्या थंडीने सांध्यातील रबरी कडी ताठरेल, अशी भीती बूस्टर बनविणाऱ्या कंपनीतील अभियंत्यांनी आदल्या रात्रीच बोलून दाखविली होती. ती मानली गेली नाही.

दुसरा अपघात याहून विचार करावयास लावणारा आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकी यानाच्या इंधन-टाकीवर प्रथमच कॅमेरा बसविण्यात आला. बूस्टर अलग होताना उडालेल्या काजळीने त्याची काच माखली आणि पुढचे चित्र अंधुक झाले. १६ जानेवारी २००३ रोजी 'कोलंबिया' निघाले तेव्हा सुमारे ८२ व्या सेकंदाला टाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. जमिनीवरून घेतलेल्या चित्रफितीत दुसऱ्याच दिवशी हे दिसले. पंखाची छायाचित्रे कक्षेत असतानाच घ्यावीत अशी मागणी काही अभियंत्यांनी केली. ती पुढे सरकली नाही. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान भंगले, आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले. येथे डोळा होता, दृश्यही होते. त्या दृश्याला योग्य तो मान मात्र मिळाला नाही. पुढे जुलै २००५ च्या उड्डाणात टाकीवरच्या कॅमेऱ्याने पुन्हा मोठा तुकडा सुटताना दाखविला. या वेळी साक्ष ऐकली गेली, आणि पुढचे उड्डाण सुमारे एक वर्ष थांबविण्यात आले.

भारताच्या अग्निबाणांनी आरंभीची वाट अशा डोळ्यावाचून काढली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून पहिला अग्निबाण गेला तेव्हा त्याची उलटी गणती पुण्यात जन्मलेल्या प्रमोद काळे यांनी केली होती. त्या अग्निबाणाने आकाशात सोडलेल्या सोडियमच्या वाफेचा रंगीत पट्टा, हीच त्याची डोळ्यांना दिसणारी खूण. १० ऑगस्ट १९७९ रोजी चार टप्प्यांचा एसएलव्ही-३ पाच मिनिटांच्या सुमारास बंगालच्या उपसागरात कोसळला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण-यंत्रणेतील आम्लाची गळती हे त्याचे कारण होते; ते दूरमापनाने आलेल्या आकड्यांतून शोधून काढावे लागले. १८ जुलै १९८० रोजी तोच प्रयत्न यशस्वी झाला. त्या काळात थुंब्याच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक वसंत गोवारीकर होते, आणि घन इंधन देशातच तयार व्हावे यासाठी त्यांनी केलेले काम सर्वश्रुत आहे.

घन इंधनाचा स्वभाव असा, की ते एकदा पेटले म्हणजे विझविता येत नाही. ५ जून २०१७ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही मार्क-३ निघाला. त्याच्या दोन्ही बगलांना एस-२०० नावाचे बूस्टर होते. प्रत्येकात सुमारे २०० टन घन इंधन. साखर कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात अशा बूस्टरची आवरणे घडविली गेली आहेत. त्या अग्निबाणाने वाहून नेलेला ३१३६ किलोग्रॅमचा जीसॅट-१९ उपग्रह बंगळूरच्या उपग्रह केंद्रात सिद्ध झाला होता. शहरातून जुन्या विमानतळाच्या रस्त्याने व्हाइटफील्डकडे निघालेल्याला ते केंद्र वाटेतच लागते. उड्डाणानंतर प्रसिद्ध झालेल्या चित्रफितीत अग्निबाणाने आपलाच प्रवास दाखविला. इंदापूरच्या कामगाराला आपल्या हातचे काम पुढे कसे वागले हे दिसावे, असा योग पूर्वी नव्हता.

अर्थात कॅमेरा अग्निबाणाला ढकलत नाही. उलट त्याचा थोडासा भारच होतो. दाब, तापमान आणि कंपन यांचे आकडे त्याच्यापेक्षा अधिक काटेकोर असतात. परंतु आकडा तेथेच मिळतो, जेथे मापक आधी बसविलेला असतो. चित्र मात्र अपेक्षा नसलेली गोष्टही सांगून जाते. सुटलेला फेस, वेडावाकडा धूर, उशिरा अलग झालेले अंग यांची कल्पना आधी कोणी केलेली नसली, तरी ती फितीवर उमटतात. म्हणून बूस्टर गळून पडतानाचे सुंदर दृश्य हे नुसते कौतुकाचे नाही. ते एक जबानी आहे. अशी जबानी मिळविण्याचे यंत्र माणसाला साधले आहे. ती मनाविरुद्ध असली तरी नोंदवून घेणे आणि वेळीच हात थांबविणे, हे काम मात्र कोणत्याही यंत्रावर सोपविता येत नाही.