वॉल कोण फिरवतो? पाणी अडवण्याचा आणि सोडण्याचा इतिहास

कंधारचा किल्ला बघायला गेलात तर जगत्तुंग समुद्रही बघून या. नाव समुद्र, पण आहे तलाव. कंधारला सापडलेल्या राष्ट्रकूट काळातल्या शिलालेखात हे नाव येतं. म्हणजे हजार वर्षांपूर्वीपासून इथे पाणी अडवलं जातंय. आपण इतिहासाचे विद्यार्थी लगेच विचारतो, कोणी बांधला आणि कधी बांधला? पण त्याच्या शेजारीच दुसरा प्रश्न मांडायला हवा. अडवलेलं पाणी सोडायचं कसं, आणि सोडणारा कोण?

आज पाइपलाइनवर हे काम व्हॉल्व्ह करतो. गावात त्याला सरळ 'वॉल' म्हणतात. त्याचे प्रकार पाठ करण्यापेक्षा प्रत्येक प्रकार कोणती अडचण सोडवतो ते बघू. मग इतिहासही आपोआप उलगडतो.

पहिली अडचण : दाब. तलाव जितका खोल, तितका तळाच्या मोरीवर दाब जास्त. तिथे नुसती फळी लावून भागत नाही. श्रीलंकेतल्या जुन्या मोठ्या तलावांत बांधाच्या आत चौकोनी विहीर असते, तिला 'बिसोकोटुव' म्हणतात. पाणी आधी या विहिरीत येतं, तिथे त्याचा जोर मोडतो, मग ते पुढे जातं. हेन्री पार्कर या इंग्रज अभियंत्याने 1909 च्या आपल्या पुस्तकात तिला व्हॉल्व्हचीच विहीर मानलं. आजच्या स्लूस व्हॉल्व्हमध्ये चाक किंवा चावी फिरवली की लोखंडी पाचर खाली सरकते आणि वाट बंद होते. तो पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद ठेवायचा असतो. अर्धवट ठेवला की पाचर थरथरते आणि बैठक झिजते. बटरफ्लाय व्हॉल्व्हमध्ये पाचरीऐवजी गोल तबकडी असते, ती पाव फेऱ्यात फिरते.

दुसरी अडचण : हवा. छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबाद) मलिक अंबरने 17व्या शतकाच्या सुरुवातीला नहर आणली. पुढे पाणचक्कीची नहरही झाली. पंप नाही, वीज नाही, सगळा खेळ उताराचा. बंद नळातून पाणी जाताना उंचवट्यावर हवा कोंडते आणि प्रवाह अडतो. म्हणून या नहरांवर ठिकठिकाणी उंच मनोरे बांधले. पाणी त्यात चढतं, हवा निघून जाते, पाणी पुन्हा उतरतं. आज तेच काम जलवाहिनीच्या उंचवट्यावरचा एअर व्हॉल्व्ह करतो.

तिसरी अडचण : उलटा प्रवाह. ही पंपाबरोबर आली. लाइट गेली की चढवलेलं पाणी मागे धावतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची झडप पाण्याच्या जोराने पुढे उघडते आणि पाणी मागे फिरलं की मिटते. पण झडप असो की चाक, झटक्यात मिटणं धोक्याचं. झुकोव्स्कीने 1890च्या दशकात मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून हा दणका मोजला. लोखंडी नळात सेकंदाला 1 मीटर वेगाने चाललेलं पाणी एकदम थांबवलं, तर साधारण 100 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका जादा दाब येतो. जाणता माणूस चाक हळूहळू का फिरवतो, ते यावरून कळतं.

चौथी अडचण : माणूस जागेवर नसणं. विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये खडकवासल्याला स्वयंचलित दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीवर गेलं की दारं उघडत, उतरलं की मिटत. घरातल्या टाकीचा बॉल कॉक वेगळ्या रचनेचा असला, तरी तत्त्व तेच. पातळीच झडपेला हुकूम देते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत पाणी कोणत्या शेताला कधी मिळणार हे गावाच्या नियमाने ठरायचं. ते सोडायला पाटकरी असायचा आणि त्याला मोबदला शेतकरी द्यायचे. म्हणजे दार एकाच्या हातात असलं, तरी तो सगळ्यांना जबाबदार. नळयोजनेत पाटकऱ्याच्या जागी वॉलमन आला. तो मात्र गल्लीला नाही, कार्यालयाला जबाबदार झाला. हा बदल कोणत्याही यंत्रापेक्षा मोठा आहे.

12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. 10 वाघिणी, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर. फोटो सगळ्यांनी गाडीचे काढले. पण स्टेशनवर उतरलेलं पाणी कोणत्या भागात, कोणत्या दिवशी, किती वेळ सोडलं गेलं, हा इतिहास गाडीच्या फोटोत दिसत नाही. तो वॉलमनच्या वहीत आणि हंडे लावून बसलेल्या बायकांच्या आठवणीत सापडेल.

संशोधनाचा विषय शोधत असाल तर एक करा. आपल्या गावच्या योजनेचं उद्घाटन कधी झालं ते एका ओळीत लिहा. मग वॉलमनकाकांबरोबर एक आवर्तन पूर्ण फिरा. कोणता वॉल आधी उघडतात, कोणता शेवटी, आणि का, एवढंच टिपून घ्या. तुमचा संशोधन प्रश्न त्या 'का'मध्येच असेल.