संशयवादाचे पुनरागमन

माणसाला निश्चित ज्ञान होऊ शकते काय, हा प्रश्न ग्रीक विचारवंतांनी मांडला. पण युरोपला त्याची खरी झळ लागली ती सोळाव्या शतकात, एक विस्मृत ग्रंथ छापला गेल्यावर.

ग्रीक संशयवादाचा मूळ पुरुष एलिसचा पिऱ्हो. अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर तो भारतात आला आणि येथील दिगंबर तपस्व्यांना भेटला, असे डायोजिनीस लाएर्शियस सांगतो. पिऱ्होने स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्याची परंपरा सविस्तर कळते ती कित्येक शतकांनंतरच्या सेक्स्टस एम्पिरिकस या वैद्याकडून. त्याचा युक्तिवाद न्यायशास्त्राच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटेल. विधानाला प्रमाण मागितले की त्या प्रमाणालाही प्रमाण लागते आणि अनवस्था ओढवते. फिरून पहिल्याच विधानाचा आधार घेतला तर चक्रक दोष येतो. मध्येच थांबले तर उरते ते नुसते गृहीत. म्हणून निर्णय स्थगित ठेवावा, त्यातून चित्ताला स्वास्थ्य मिळते, असा त्याचा अनुभव. व्यवहार मात्र सोडायचा नाही. मध गोड लागतो हे त्याला मान्यच होते. मध मुळात गोड आहे काय, एवढ्यावरच तो मत देत नसे.

1562 मध्ये आंरी एस्त्येनने सेक्स्टसच्या एका ग्रंथाचे लॅटिन भाषांतर छापले. उरलेल्या लेखनाचे भाषांतर जांत्यां एर्वे या कॅथलिक विद्वानाने 1569 मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्याचा रोख कॅल्विनपंथी प्रोटेस्टंटांवर होता. धर्मात अंतिम प्रमाण चर्चची परंपरा की बायबल वाचणाऱ्याची सद्‌बुद्धी, हा तेव्हाचा जीवघेणा वाद होता. त्यात मनःशांतीची ही साधना प्रतिपक्षाला नामोहरम करण्याचे शस्त्र बनली. फ्रेंच निबंधकार माँतेन्य याला अपवाद नव्हता, तरी त्याच्याइतके मनापासून सेक्स्टसला कोणी आपलेसे केले नाही. सेक्स्टसची वचने त्याने आपल्या ग्रंथालयाच्या तुळयांवर रंगवून घेतली होती.

देकार्तने 1641 मध्ये हाच संशय निश्चित ज्ञानाचा पाया शोधण्यासाठी वापरला. स्वप्न आणि फसवणारी दुष्ट शक्ती यांच्या आधारे त्याने स्वतःच्या शरीरावर, साऱ्या बाह्य जगावरही शंका घेतली. इतक्या टोकाला ग्रीक गेले नव्हते. देकार्तने मांडलेली शंका तिला त्यानेच दिलेल्या उत्तरापेक्षा बलवान ठरली. 1787 मध्येही बाह्य जगाचे अस्तित्व निव्वळ श्रद्धेवर मानावे लागणे हा तत्त्वज्ञानाला लागलेला कलंक आहे, असे कांटला नोंदवावे लागले.