वर्णभेद आणि मेंदूचे वार्धक्य

वार्धक्य कोणालाही चुकत नाही. राव असो वा रंक, साठी-सत्तरी उलटली की दृष्टी मंदावते, पाऊल अडखळते आणि ओळखीची नावे ओठांवर येता येता विरून जातात. निसर्गाचा हा न्याय सर्वांना सारखाच लागू असतो, असे मानण्याची रीत आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनुभव मात्र या समजुतीला दुजोरा देत नाही. तेथील वृद्ध कृष्णवर्णीय नागरिकांत आल्झायमरचा विकार व तत्सम स्मृतिभ्रंश यांचे प्रमाण वृद्ध गौरवर्णीयांच्या जवळजवळ दुप्पट आढळते. हा फरक रक्तातून आला की इतिहासातून? प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. दोष रक्तातच असेल तर समाजाला हात झटकून मोकळे होता येते. तो इतिहासात असेल तर निवारणाची जबाबदारी समाजावरच येऊन पडते.

या वादाचा आरंभ फार जुना आहे. १८४० च्या अमेरिकन जनगणनेत प्रथमच वेडसर व्यक्तींची नोंद वर्णवार करण्यात आली. उत्तरेकडील स्वतंत्र कृष्णवर्णीयांत वेडाचे प्रमाण दक्षिणेतील गुलामांच्या मानाने सुमारे दहापट आहे, असा निष्कर्ष तीतून निघाला. गुलामगिरीच्या समर्थकांना हे आयतेच कोलीत मिळाले. स्वातंत्र्य या लोकांच्या मेंदूला पेलवत नाही, असा युक्तिवाद परराष्ट्रमंत्री जॉन कॅल्हून यांनी १८४४ मध्ये राजनैतिक पत्रव्यवहारातूनही केला. मॅसॅच्युसेट्सचे वैद्य एडवर्ड जार्व्हिस यांनी तेच आकडे ताडून पाहिले, तेव्हा निराळाच प्रकार उघडकीस आला. ज्या गावांत एकही कृष्णवर्णीय राहत नव्हता, तेथेही कृष्णवर्णीय वेडे नोंदले गेले होते. वुस्टर येथे दाखविलेले १३३ कृष्णवर्णीय वेडे म्हणजे तेथील रुग्णालयातील गोरे रुग्ण होते! गुलामीत जन्मून पुढे ग्लासगो विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळविणारे डॉक्टर जेम्स मॅक्यून स्मिथ यांनीही या आकड्यांचा फोलपणा दाखवून दिला. जनगणनेत दुरुस्ती मात्र झाली नाही.

पुढच्या पिढ्यांनी हाच धागा ओढला. लुइझियानाचे वैद्य सॅम्युएल कार्टराइट यांनी १८५१ मध्ये गुलामाने पळून जाणे हा एक मानसिक रोग ठरविला आणि त्यावर चाबकाचा उताराही सांगितला. १८९६ मध्ये विमा व्यवसायातील संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी कृष्णवर्णीयांची वाढती मृत्युसंख्या वंशाच्या अंगभूत दुर्बलतेवर घातली. त्याला समर्थ उत्तर दिले ते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी. फिलाडेल्फियातील वस्त्यांची घरोघर पाहणी करून त्यांनी १८९९ मध्ये दाखविले की, कोंदट घरे, अपुरे अन्न, तुटपुंजी मजुरी आणि पदोपदी होणारी अवहेलना यांचा हिशेब केल्यावाचून या आकड्यांचा अर्थच लागत नाही.

मेंदूच्या वार्धक्याच्या अभ्यासात तर एका कृष्णवर्णीय संशोधकाचा वाटा पायाचा आहे. सॉलोमन कार्टर फुलर यांचा जन्म १८७२ मध्ये लायबेरियात झाला. त्यांचे आजोबा व्हर्जिनियात गुलाम होते. स्वतःचे मोल स्वतः भरून त्यांनी मुक्तता मिळविली आणि आफ्रिकेची वाट धरली. नातू शिक्षणासाठी पुन्हा अमेरिकेत आला, १८९७ मध्ये बोस्टन विद्यापीठाचा डॉक्टर झाला आणि पुढे म्युनिक येथे प्रत्यक्ष आलोइस आल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत काम करून आला. १९१२ मध्ये फुलर यांनी या नव्या विकाराच्या तोवर प्रसिद्ध झालेल्या रुग्णवृत्तांतांचा साक्षेपी परामर्श घेतला. इतक्या योग्यतेच्या माणसाला विद्यापीठात मात्र गोऱ्या सहकाऱ्यांहून कमी वेतन मिळे. त्यांच्याहून कनिष्ठ अशा गोऱ्या अध्यापकाला बढती मिळाली, तेव्हा १९३३ मध्ये त्यांनी अध्यापन सोडले. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले.

अशा अपमानाचा देहावर परिणाम होतो तरी कसा? याचे उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू उलगडत गेले. १९६८ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्युअन यांना आढळले की, ताणाच्या प्रसंगी शरीरात स्रवणारी संप्रेरके उंदराच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित अशा नेमक्या भागात साठतात. संकटकाळी ही संप्रेरके उपकारकच असतात. हृदयाची गती वाढते, रक्तात साखर उतरते, प्राणी पळू किंवा लढू शकतो. परंतु संकट रोजचेच झाले म्हणजे हाच उपकार अपकार ठरतो. १९९३ मध्ये मॅक्युअन व एलियट स्टेलर यांनी ताणामुळे देहाच्या होणाऱ्या या साचत्या झिजेची मीमांसा मांडली. रक्तदाब चढा राहतो, मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या कठीण होतात आणि स्मृतीचे केंद्र क्षीण होत जाते. ऊनपावसाने भिंतीचा गिलावा झडावा तशी ही झीज होते, अशाच अर्थाचा शब्द आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांच्या अकाली ढासळणाऱ्या आरोग्यासाठी योजिला होता.

मग अनुवंशाचे काय? त्याला मुळीच स्थान नाही, असे नव्हे. पण एकाच आफ्रिकी वारशाच्या दोन समाजांची तुलना येथे बोलकी आहे. नायजेरियातील इबादानचे योरुबा वृद्ध आणि अमेरिकेतील इंडियानापोलिसचे कृष्णवर्णीय वृद्ध यांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. स्मृतिभ्रंशाचे नवे रुग्ण इबादानमध्ये दरसाल शेकडा १.३५, तर इंडियानापोलिसमध्ये ३.२४ आढळले. पूर्वज एका खंडातले, पण जीवनक्रम निराळा. आहार, रक्तदाब, समाजातील स्थान सारेच निराळे. केवळ वंशावर बोट ठेवून या अंतराचा उलगडा होत नाही.

शिक्षणाचीही हीच कथा. ज्याचा मेंदू बालपणी अक्षरांनी व विचारांनी समृद्ध झाला, त्याच्यापाशी उतारवयात काहीशी शिल्लक राहते आणि झीज झाली तरी व्यवहार चालू राहतो. दक्षिणेतील विभक्त शाळांनी ही शिल्लकच हिरावून घेतली होती. न्यूयॉर्कमध्ये जेनिफर मॅन्ली यांनी २००२ मध्ये दाखविले की, शाळेतील वर्षांची संख्या सारखी असूनही वृद्धांच्या बौद्धिक चाचण्यांत जो वर्णवार फरक दिसे, तो वाचनक्षमता लक्षात घेताच बहुतांशी मावळतो. वर्षे तेवढीच, पण त्या वर्षांत मिळालेली विद्या तेवढीच नव्हती.

या अन्यायापुढे तो समाज हताश मात्र झाला नाही. १७८७ मध्येच फिलाडेल्फियातील स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी परस्परसाहाय्याची संस्था काढली. पुढे त्यांची स्वतंत्र चर्चे ही शाळा, निधी आणि आधार यांची माहेरघरे बनली. बुकर टी. वॉशिंग्टन यांची प्रेरणा व ज्युलियस रोझेनवाल्ड यांची देणगी यांतून १९३२ पर्यंत दक्षिणेत सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी गरीब शेतमजुरांनी पै पै करून जमविलेली रक्कम रोझेनवाल्ड निधीच्या वाट्याहूनही काकणभर अधिक भरली. या शाळांत शिकलेल्या मुलांची साक्षरता स्पष्टपणे वाढल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी नंतर सिद्ध केले आहे.

तरीही चिवटपणाचे कौतुक करताना त्याची किंमत विसरून चालणार नाही. अमेरिकन लोककथेतला जॉन हेन्री वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, पैज जिंकतो आणि हातातल्या हातोड्यासह कोसळून मरतो. शर्मन जेम्स यांनी १९८० नंतरच्या दशकात हेच नाव एका वृत्तीला दिले. साधने अपुरी असताना केवळ जिद्दीच्या बळावर प्रतिकूलतेशी झुंजणाऱ्यांचा रक्तदाब चढा राहतो, असे त्यांना दिसले. धैर्य हे न्यायाची जागा घेऊ शकत नाही, हाच त्याचा अर्थ.

न्याय आला की काय घडते, याचेही उदाहरण इतिहासात आहे. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १९६६ मध्ये अमलात आलेली वृद्धांची वैद्यक विमायोजना यांची सांगड घातली गेली, तेव्हा सरकारी पैसा हवा असेल तर वर्णभेद सोडा, असे रुग्णालयांना बजावण्यात आले. काही महिन्यांतच हजाराहून अधिक रुग्णालयांची दारे सर्वांना खुली झाली. जे शतकात झाले नाही, ते कायद्याने आणि तिजोरीच्या किल्लीने घडविले.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. बेड्या तुटल्या त्या कायद्याच्या एका कलमाने. पण त्यांचे वळ पुढच्या पिढ्यांच्या रक्तवाहिन्यांवर आणि स्मृतीवर उमटत राहिले. वृद्धाची स्मृती शाबूत राखण्याचे काम त्याच्या सत्तराव्या वर्षी औषधाने सुरू होत नाही. ते त्याच्या सातव्या वर्षी शाळेच्या बाकावर आणि चाळिसाव्या वर्षी मानाने मिळालेल्या मजुरीत सुरू होते. जो समाज हे ओळखतो, त्यालाच आपल्या वृद्धांची सेवा केल्याचे समाधान लाभते.