स्वस्त आहाराचा हिशेब

कमीत कमी पैशांत घरातल्यांचे पोषण नीट कसे व्हावे, हा प्रश्न घर चालवणाऱ्या बाईला रोजचाच. अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी तोच गणितात मांडला आणि १९४५ साली प्रसिद्ध केला. पदार्थ ७७, पोषकद्रव्ये ९, भाव १९३९ चे. एका माणसाचा वर्षाचा खर्च किती? निवडीत निवडीत त्यांनी उत्तर काढले, ३९.९३ डॉलर. खायचे काय, तर गव्हाचे पीठ, डब्यातले आटवलेले दूध, कोबी, पालक आणि सुका घेवडा. चवीचे नाव काढू नका! पण याहून स्वस्त आहार नाहीच, असे त्यांना छातीठोकपणे सांगता येईना.

गुरुजी, फळ्यावर दोनच पदार्थ घेऊन पाहा. आकडे आपल्या सोयीचे. पिठाच्या एका मापात प्रथिनांचा १ अंश, घेवड्याच्या मापात ३; हवेत निदान ९. उष्मांकांचे अंश पिठात २, घेवड्यात १. हवेत निदान ८. आडव्या अक्षावर पीठ, उभ्यावर घेवडा. पहिली रेघ पीठ ९ पासून घेवडा ३ पर्यंत, दुसरी पीठ ४ पासून घेवडा ८ पर्यंत. दोन्ही रेघांच्या वरचा भाग तेवढा चालेल; खाली आलात की उपासमार. आता पीठ ४ रुपये माप, घेवडा ५ रुपये. ४० रुपयांची रेघ काढा, पीठ १० पासून घेवडा ८ पर्यंत. तिच्यावर पट्टी ठेवा आणि तिरकेपणा न बदलता शून्याकडे सरकवत न्या. चालणारा भाग सुटता सुटता पट्टी एका कोपऱ्याला टेकते. तिथे पीठ ३, घेवडा २, खर्च २२ रुपये.

पदार्थ ७७ झाले की अक्षही ७७ हवेत. कागदावर ते कुठून काढणार? पण उत्तर कोपऱ्यावर सापडते, हे तिथेही खरे. १९४७ साली जॉर्ज डँट्झिग यांनी आकृतीशिवाय, नुसत्या आकडेमोडीने एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्याची रीत बसवली. खर्च वाढेल त्या कोपऱ्याकडे वळायचेच नाही. त्याच वर्षी जॅक लॅडरमन यांनी ती स्टिग्लरांच्या आहारावर चालवून पाहिली. हिशेबाची हातयंत्रे घेऊन ९ कारकून बसले आणि एका माणसाचे १२० दिवस भरतील एवढे काम झाले. उत्तर आले ३९.६९ डॉलर.

वर्षाकाठी वाचले अवघे २४ सेंट! स्टिग्लरांच्या अंदाजाचे कौतुकच करायला हवे. मात्र आता त्या भावांत, त्या ७७ पदार्थांत याहून खाली उतरताच येत नाही, हे पक्के झाले.