फॉस्फॅटिडिक आम्ल : सोयाबीनच्या दाण्यातील संदेशवाहक

सोयाबीन आणि कापूस ही यवतमाळ जिल्ह्यातील खरिपाची प्रमुख पिके. ऐन वाढीच्या काळात पडणारा पावसाचा खंड आणि काढणीच्या तोंडावर येणारा परतीचा पाऊस, ही येथील कोरडवाहू शेतकऱ्याची दोन नेहमीची संकटे होत. एकात पाण्याचा अभाव, तर दुसऱ्यात अतिरेक. मात्र तहानलेल्या पानात आणि भिजलेल्या सोयाबीनच्या दाण्यात एकाच रेणूचे प्रमाण वाढते, ही बाब फारशी परिचित नाही. फॉस्फॅटिडिक आम्ल हे त्याचे नाव.

या आम्लाची रचना साधी आहे. ग्लिसरॉलच्या तीन कार्बन अणूंपैकी दोहोंना मेदाम्ले आणि तिसऱ्याला फॉस्फेट जोडलेले असते. फॉस्फेट काढून त्या जागी तिसरे मेदाम्ल बसविले की खाद्यतेलाचा रेणू तयार होतो. दाण्यात तेल भरते ते प्रामुख्याने याच मार्गाने. पेशीपटलाचे फॉस्फोलिपिडही याच आम्लापासून घडतात. निरोगी पेशीत मात्र त्याचा साठा अत्यल्प असतो. तयार होताच ते पुढच्या कामी लागते.

चिबनॉल व चॅनन या ब्रिटिश संशोधकांनी १९२७ मध्ये कोबीच्या पानांतून हे आम्ल कॅल्शियमच्या क्षाराच्या रूपात वेगळे केले. पुढे १९४७ मध्ये हॅनाहन व चायकॉफ यांना गाजरात एक विकर आढळले. पेशीपटलातील लेसिथिनपासून कोलीन तोडून मागे फॉस्फॅटिडिक आम्ल ठेवणारे हे विकर आज फॉस्फोलायपेज-डी या नावाने ओळखले जाते. वनस्पतीची ऊती चिरडली की ते झपाट्याने कामाला लागते.

चिरडणे हा अपघात झाला. जिवंत झाडात हेच विकर हेतुपुरस्सर चालविले जाते. जमिनीतील ओल आटली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि त्याच्या इशाऱ्याने पेशीपटलावर फॉस्फॅटिडिक आम्ल तयार होऊ लागते. पानावरील सूक्ष्म रंध्रे मिटू न देणारे एबीआय-१ नावाचे एक प्रथिन आहे. फॉस्फॅटिडिक आम्ल त्याला पकडून पटलापाशीच अडकवून ठेवते. परिणामी रंध्रे मिटतात आणि बाष्प बाहेर जाणे कमी होते. मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस या रोपट्यावरील प्रयोगांतून २००४ मध्ये हा दुवा उलगडला. प्राणिपेशींतही हे आम्ल निरोप्याचे काम करते. पेशीच्या वाढीचे नियंत्रण करणाऱ्या एमटॉर या प्रथिनाशी ते जोडले जाते, असे २००१ मध्ये दाखविण्यात आले. शिवाय त्याचे फॉस्फेटाचे डोके लहान असल्याने पटलाला बाक येण्यास ते मदत करते. पटलाचे तुकडे पडताना वा ते जुळताना हा गुण उपयोगी पडतो.

काढणीनंतर चित्र पालटते. शेंगा पावसात सापडल्या किंवा ओल्या सोयाबीनची गंजी लागली, की दाण्यातील पेशीपटले फाटतात आणि तेच विकर मोकाट सुटते. आता निरोप घेणारे कोणी नसते, तयार झालेले आम्ल साचत जाते आणि दाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी त्याचे क्षार बनतात.

याचा खरा त्रास तेल गिरणीत जाणवतो. सोयाबीनच्या कच्च्या तेलात साधारणपणे दोन ते तीन टक्के फॉस्फोलिपिड असतात. गरम पाणी मिसळले की त्यांतील बहुतेक फुगून चिकट गाळ बनतात आणि वेगळे होतात. चॉकलेट व बेकरी व्यवसायात वापरले जाणारे लेसिथिन ते हेच. फॉस्फॅटिडिक आम्लाचे क्षार मात्र पाण्याला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्ल वापरावे लागते, खर्च वाढतो आणि गाळाबरोबर काही तेलही जाते. ते तेलात राहिले, तर तापविताना तेल काळवंडते. काही कारखान्यांत त्यामुळे सोयाबीन दळून पातळ पापडीसारखे करताच वाफेने तापवून विकर निकामी केले जाते.

बाजार समितीतील यंत्र आम्ल मोजत नाही, केवळ ओलावा मोजते. हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४ च्या हंगामात, क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव असताना, केंद्र सरकारने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. ज्याच्याकडे दाणा वाळविण्यास कोरडी जागा नाही, त्या शेतकऱ्याला या सवलतीचे मोल होते. खरेदीची अट सैल झाली तरी ओल्या दाण्यातील विकर थांबत नाही. पोत्यात दाणा जितके दिवस ओला राहील, तितके आम्ल साचत राहते. मळणीनंतर सोयाबीन ताडपत्रीवर पातळ थरात पसरून वाळविण्याचा सल्ला दिला जातो, तो केवळ बुरशीच्या भीतीने नव्हे.